स्थळप्रत

तात्यांचं आणि माझं रक्ताचं नातं नव्हतं. वेल्ह्यात आमची घरं एका आळीत आणि खाचरं एका बांधाला लागून. त्या बांधापायी माझे आजोबा आणि तात्यांचे वडील कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नाचं बोलावणंसुद्धा तिसऱ्याच्या तोंडून जायचं. अशा घरातला माणूस १९७० साली फौजेतून सुभेदार होऊन परत आला, आणि चार वर्षांनी त्यानं बांधापलीकडच्या पोराच्या शिक्षणाचे ३४० रुपये भरले. माझ्या वडिलांना त्याचा अर्थ लागेना. महिनाभर ते संशयानं रोज जाऊन बांध मोजून येत होते.

मला खरं तर शिकायचंच नव्हतं. मला भरती व्हायचं होतं. तात्या गावात आल्यापासून आम्हा पाच-सात पोरांना पहाटे उठवून तोरण्याच्या पायथ्यापर्यंत पळवत आणि येताना मेंगाईच्या देवळापुढे दंड काढून घेत. भरतीच्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर पुण्याला आले. कोटावर पदकं लावून आले होते. धावण्यात मी पुढे होतो, पण छाती फुगवून जेवढी वाढायला हवी तेवढी वाढेना. पदकांकडे बघून त्या माणसानं तीनदा फीत लावली. तिन्ही वेळा फीत तेच बोलली.

परतीच्या एस.टी.त तात्या गप्प होते. नसरापूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, तेव्हा म्हणाले, "छाती न्हाई भरली, न्हाई भरू दे. अक्षर बरं हाय तुझं. लिवायच्या कामाला जा."

त्या एका वाक्यावर मी स्थापत्याच्या डिप्लोमाला गेलो. ३४० रुपयांत फी, खानावळीचं आगाऊ आणि एक ड्रॉइंग बोर्ड बसला. नोकरी लागल्यावर तिसऱ्या पगाराला मी ते पैसे एका पाकिटात घालून त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवले. मनात होतं, ते 'राहू दे रे' म्हणतील, मी आग्रह करीन, दोघांचेही डोळे वगैरे भरून येतील. तात्यांनी पाकीट उघडलं, नोटा दोनदा मोजल्या, आत जाऊन वही-पेन आणलं आणि रेव्हेन्यू स्टॅम्प लावून मला रीतसर पावती दिली. पावतीची एक नक्कल स्वतःजवळ ठेवली. चहा झाला. विषय संपला.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

तात्यांना कागदाचं वेड होतं. फौजेत चोवीस वर्षं काढलेला हा माणूस चौथीपर्यंत शिकलेला, पण गावात कोणीही काहीही गाऱ्हाणं सांगायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लेखी दिलंस?" तलाठ्याकडे असो, पंचायत समितीत असो, तोंडी बोललेलं ते धरतच नसत. आणि नुसतं लेखी देऊनही भागत नसे. त्यावर आवक शिक्का हवा, तारीख हवी, आपल्याजवळ एक प्रत हवी. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी मला दिलेला उपदेश एवढाच: "सायबाला काय बी सांगायचं आसंल तर कागदावर सांग. जावक क्रमांक घे. स्थळप्रत जपून ठेव. मग सायेब वाचू दे न्हाईतर त्येची होडी करू दे."

सरकारी नोकरीत न गेलेल्यांसाठी सांगतो. कार्यालयातून कागद बाहेर जातो तेव्हा त्याची जी प्रत फायलीला राहते ती स्थळप्रत. कागद वाटेत गहाळ होतो, वरच्या टेबलावर दबतो, कधी 'मिळालाच नाही' असंही होतं. स्थळप्रत मात्र जागच्या जागी असते. खात्यातला खालचा माणूस जगतो तो तिच्या जिवावर.

माझ्यावर ती वेळ १९८३ साली आली. आमच्या भागात ओढे फार. पावसाळ्यात वाडी तोडली जाऊ नये म्हणून लोक साकवावरून जातात-येतात. असाच एक साकव होता. उन्हाळ्यात पाहणीला गेलो तर मधल्या पायाखालची माती पाण्यानं उकरून नेलेली. वरून साकव ठणठणीत, खाली पोकळ. मी टिपणी लिहिली, नकाशा जोडला, खर्चाचा अंदाज दिला. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. ते चिडलेले नव्हते, उलट हसत होते. म्हणाले, तुम्ही नवीन लोक फार घाबरट, दर दगडाला भेग दिसते तुम्हाला. टिपणी 'तूर्त दप्तरी' झाली. त्यापुढच्या दुसऱ्या पावसाळ्यात रात्रीच्या वेळी साकव गेला. माणूस कोणी नव्हतं वर, एक म्हैस होती. चौकशी झाली तेव्हा 'क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी वेळीच कळवले नाही' असं वाक्य कुठूनसं तयार झालं होतं. मी बारनिशीचं रजिस्टर उघडलं, जावक क्रमांक दाखवला, स्थळप्रत पुढे ठेवली. वाक्य खोडलं गेलं. माझी बदलीही झाली, पण ती पुढची गोष्ट, आणि तिचं मला काही विशेष नाही.

हे सांगायला मी तात्यांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या थोरातसायबाचं आसंच झालं हुतं."

थोरात हे नाव मी त्यांच्या तोंडून आधी ऐकलं होतं, पण ते कोरियाच्या गोष्टीत. साकवाशी त्यांचा काय संबंध, ते मला कळायला आणखी दोन वर्षं आणि एक पुस्तक लागलं.

कोरियाची गोष्ट आळीतल्या सगळ्या पोरांना पाठ होती. तात्या बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई झाले आणि तिसऱ्या मराठा पलटणीत गेले. ही पलटण छत्रीवाली. काश्मीरात नौशेरा-झांगडच्या लढाया ती लढली आणि १९५२ मध्ये तिचं नाव दुसरी पॅरा असं झालं, तरी कंसात 'मराठा' राहिलाच. १९५३ साली कोरियाची लढाई थांबली, पण वीस हजारांवर कैदी असे निघाले की त्यांना आपल्या देशात परत जायचं नव्हतं. त्यांना सांभाळायला कोणत्याच बाजूचा नसलेला देश हवा होता. हिंदुस्थाननं पाच हजारांवर जवान पाठवले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि जवानांच्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, आपले कोल्हापूरकडचे. तात्या त्या वेळी नायक होते.

दक्षिण कोरियाच्या सिंगमन ऱ्ही यांनी हिंदुस्थानी फौजेला आपल्या जमिनीवर पायही ठेवू देणार नाही असं जाहीर केलं होतं. मग जहाजावरून उचलून हेलिकॉप्टरनं थेट मधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवलं. "मी एस.टी.त बसायच्या आदी विमानात बसलू, आन विमानातनं उडी मारल्यावर मंग हेलिकॉप्टरात," हे तात्यांचं वाक्य. वेल्ह्याच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. छावणीचं नाव हिंद नगर. थंडी अशी की तात्यांच्या सांगण्याप्रमाणे मिशीला बर्फ धरायचा आणि तो मोडून पडायचा.

गोष्टीचा गाभा मेजर ग्रेवालांचा. कैद्यांनी या अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेलं आणि सोडेनात. आत शेकड्यांनी माणसं, हातात दगड, तंबूच्या काठ्या. बाहेर आमचे जवान बंदुका रोखून. गोळी सुटली असती तर मेजर गेला असताच, आणि तटस्थ म्हणून आलेल्या देशाचं नावही गेलं असतं. थोरात दोन-चार अधिकारी घेऊन, हत्यार न घेता आत गेले. गराडा पडला. त्यांनी काय करावं? सिगारेट मागितली. पाहुण्याला काही विचारायची रीत नाही का तुमच्यात, अशा थाटात. कोणीतरी दिली, कोणीतरी काडी ओढली, आणि तिथून बोलणं सुरू झालं. मेजर ग्रेवाल सुटून बाहेर आले. थोरातांना त्याबद्दल अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं, ज्याला आता कीर्तिचक्र म्हणतात. तात्या त्या वेळी तारेबाहेर उभे होते. बोट चापावर होतं. "समद्यात अवघड काय आसंल, तर बोट तितंच ठिवून न दाबनं," असं ते दर वेळी म्हणत, आणि दर वेळी आम्ही पोरं जरा हिरमुसायचो. आम्हाला गोळ्या हव्या असायच्या.

थोरातांचं आत्मचरित्र १९८६ साली इंग्रजीत आलं. पुढच्याच वर्षी मला अप्पा बळवंत चौकात त्याची एक जुनी झालेली प्रत मिळाली. 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट'. तात्यांना वाचून दाखवावं असं मनात आलं. पैसे त्यांनी पावती देऊन घेतले होते, पण हे तरी ते परत मोजू शकणार नव्हते. त्या पावसाळ्यात मी जवळजवळ दर शनिवारी वेल्ह्याला गेलो. आवणी उरकलेली असायची, बाहेर पाऊस, पडवीत कंदील, इरल्यातून गळणारं पाणी कोपऱ्यात साचलेलं. मी एक परिच्छेद इंग्रजीतून वाचायचो आणि मराठीत सांगायचो.

पहिल्याच रात्री नावापाशी अडलो. मी म्हटलं, "तात्या, नावाचा अर्थ: पहाटेच्या बिगुलापासून माघारीपर्यंत."

"काय पर्यंत?"

"माघार. रिट्रीट म्हणजे माघार."

तात्या उठून बसले. "कोन शिकवतो रं तुमाला विंग्रजी? रिट्रीट म्हंजी सांजचं बिगुल. सूर्य बुडला की वाजतं. झेंडा खाली येतो, घडी घालत्यात, गार्डावर देत्यात. त्येच्यात माघार कुटली?" मग जरा थांबून म्हणाले, "थोरातसायब माघार लिवील व्हय पुस्तकावर?"

डिक्शनरीत दोन्ही अर्थ आहेत. पण चोवीस वर्षं रोज संध्याकाळी ते बिगुल ऐकलेल्या माणसापुढे डिक्शनरी काय काढणार. मी खोडून 'सांजबिगूल' लिहिलं. ते पान अजून तसंच आहे.

पुस्तकात ब्रह्मदेशची लढाई होती. १९४५ च्या जानेवारीत आराकानातल्या कांगॉ इथे एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते, थिमय्या, थोरात आणि सेन, आणि तिघांनाही डी.एस.ओ. मिळाली. तात्यांना ते भराभर हवं होतं. कोरियाचं प्रकरण मात्र त्यांनी तीन वेळा वाचून घेतलं, सिगारेट खरंच लिहिली आहे का ते बघायला. मग आम्ही त्या प्रकरणापाशी आलो ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो आहे.

१९५७ पासून थोरात पूर्व विभागाचे सेनापती होते, मुख्यालय लखनौ. ईशान्येची चीनशी लागलेली सगळी सीमा त्यांच्याकडे. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी दिल्लीला एक टिपण पाठवलं. त्याचा मुद्दा आमच्या भागात लहान पोरालाही समजला असता. मॅकमहोन रेषेवर ज्या चौक्या आहेत त्या डोळ्यांचं काम करतील, लढाईचं नव्हे. तिथवर रस्ता नाही, रसद पोचत नाही. खरी फळी मागे धरा, जिथे आपलं धान्य-दारूगोळा पोचेल आणि शत्रूला तो डोंगर ओलांडून आणावा लागेल. त्यासाठी रस्ते आणि माणसं आत्ताच हवीत. मी हे सांगत होतो तर तात्यांनी मला मधेच थांबवलं आणि काडीनं जमिनीवर राजगड काढला. पाली दरवाजा, गुंजवण्याची वाट, खाली मार्गासनी. "गनिमाला मार्गासनीत आडवायला ग्येलास तर तुझी भाकरी कोन आननार? त्येला वर यिऊ दे. दमू दे." म्हणजे टिपण त्यांना कळलं होतं.

थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवलं. मेनननी ते उगाच भीती घालणारं आणि अनावश्यक ठरवलं. थोरात गप्प बसले नाहीत. १७ मार्च १९६० रोजी लखनौला त्यांनी 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेतला. चीन आला तर काय काय होईल, कोणत्या चौक्या किती टिकतील, आपल्याकडे काय कमी पडेल, हे बड्या अधिकाऱ्यांपुढे मांडून दाखवलं. त्यानंतरही काही हललं नाही.

मी वाचायचं थांबलो. मला माझा साकव दिसत होता. फार लहान तुलना आहे, हे मला कळतं. तिकडे माणसं मेली, इकडे म्हैस. पण 'घाबरट' हा शिक्का दोन्हीकडे तोच होता. तात्या म्हणाले, "कागूद लिवला, जावक झाला. सायबाचं काम सायबानं केलं." मी विचारलं, मग वाचणाऱ्याचं काय? ते म्हणाले, "त्ये वाचणाऱ्यानं बघायचं."

इथे मला एक गोष्ट न लपवता सांगायला हवी. आत्मचरित्र कोणीही लिहिलं तरी त्यात लिहिणाऱ्याची बाजू जरा उजेडात असते. मेनन यांचीही एक बाजू होती. पाकिस्तानात ऑक्टोबर १९५८ मध्ये अयूबखानांनी सत्ता घेतली होती आणि दिल्लीत जनरलांकडे बघण्याच्या नजरा बदलल्या होत्या. ऑगस्ट १९५९ च्या अखेरीला थिमय्यांनी मेननशी न पटल्यानं राजीनामा दिला, नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला, आणि मग लोकसभेत नेहरूंनी त्यांनाच बोल लावला. लोकनियुक्त सरकारनं सेनापतीचं ऐकलंच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. तात्याही म्हणत नसत. "हुकूम दिल्लीचाच" यावर त्यांची निष्ठा माझ्याहून पक्की होती. पण न ऐकणं वेगळं आणि न वाचणं वेगळं. मेनन हुशार होते, अतिशय हुशार. मला वाटतं त्यांची गफलत हुशार माणसांची नेहमीची होती. सांगणारा कोण आहे हे बघून सांगण्याची किंमत ठरवायची.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारनं प्राणनाथ थापर यांना नेमलं. ज्येष्ठतेच्या यादीत थापर वर होते, हेही खरं. सेवाज्येष्ठतेचं गणित मी नोकरीभर केलं आहे, त्याला सरसकट अन्याय म्हणता येत नाही. पण त्याच सुमाराला मेनन यांच्या मर्जीतले ब्रिजमोहन कौल भराभर वर सरकत होते, तेव्हा यादी प्रत्येकाच्या बाबतीत सारख्याच कडकपणे पाळली गेली असंही म्हणवत नाही. थोरात त्याच महिन्यात निवृत्त होऊन घरी आले. नोव्हेंबर १९६१ मध्ये सरकारनं पुढे पुढे चौक्या टाकायचं धोरण घेतलं, म्हणजे टिपणाच्या बरोबर उलट. डिसेंबरात गोवा मुक्त झाला. तात्यांची पलटणही त्यात होती. गोव्यात ते हसतखेळत गेले. त्या विजयाच्या उजेडात फेब्रुवारी १९६२ मध्ये मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध प्रचंड मतांनी निवडून आले. निवडून देणारे आपणच होतो, मुंबईची मराठी माणसंही. नंतर सगळ्यांनी मेननना शिव्या घातल्या, त्यात माझे वडीलही होते.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २० ऑक्टोबर १९६२ ला चीन आला आणि महिनाभरात बोमडिलाही गेलं. मेनन गेले, थापर गेले, कौल गेले. नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं आणि ते १९५९ चं टिपण मागितलं. हे आपल्याला दाखवलं का नाही, असं त्यांनी विचारलं, असं थोरात लिहितात. उत्तर मेननच देऊ शकतील, असं थोरातांनी सांगितलं.

"म्हंजी कॉपी हुती त्यांच्याजवळ," तात्या म्हणाले. एवढंच. बाकी बासष्टबद्दल ते कधी स्वतःहून बोलत नसत.

मग मी उत्साहानं पुढचं सांगू लागलो: नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला. हे वाक्य आमच्या शाळेच्या फळ्यावर कितीतरी दिवस होतं. सह्याद्री म्हणजे आमच्या खिडकीतून दिसणारा तोरणा, असा माझा समज. त्यामुळे त्या वाक्याचा मला घरगुती अभिमान होता.

तात्यांनी कंदिलाची वात कमी केली. "सह्याद्री तितंच हुता की रं," ते म्हणाले. "दीड वर्स आदी त्येला घरी धाडला."

यशवंतरावांबद्दल त्यांचा राग नव्हता, उलट फौजेचं मोडलेलं मन त्यांनी सांधलं असं ते मानत. थोरातांना पुढे राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेतलं, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे ते अध्यक्षही झाले. पण ती दीड वर्षं. मला त्या रात्री पहिल्यांदाच १९६१ साल दोन्हीकडून दिसलं. त्या मे महिन्यात थोरात घरी आले आणि १२ जुलैला आमच्याच तालुक्यात पानशेत फुटलं. मी चार वर्षांचा होतो. माझं आजोळ आंबीच्या खोऱ्यात, त्या पाण्याखाली आधीच गेलेलं. धरण फुटल्यावर पाणी ओसरलं तेव्हा आई म्हणे रडली, कारण गाळातून तिच्या माहेरच्या घराचं जोतं वर आलं होतं. धरण अपुरं असताना पाणी अडवायची घाई झाली होती. आदल्या रात्री खचत्या बांधावर वाळूची पोती टाकायला फौजेचे जवान उतरले होते. त्यांनी काही तास मिळवून दिले आणि त्या तासांमुळे सकाळी पुण्यात पाणी दिवसाउजेडी शिरलं. नोकरीत आल्यावर पानशेतचे कागद मी जमतील तेवढे वाचले. त्यावर इथे लिहीत नाही. ते एका लेखाचं काम नाही. फक्त एवढंच की, माती खचते आहे हे जवळ उभ्या असलेल्या माणसाला आधी दिसतं, आणि तो बहुधा खालच्या पगारावर असतो.

अलीकडे पुण्याचे जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले, २०२२ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यांच्या आठवणींचं पुस्तक छपाईआधी मंजुरीत अडकल्याच्या बातम्या मी वाचल्या, तेव्हा तात्या असते तर काय म्हणाले असते, याचा विचार मनात आला. थोरातांचं पुस्तक घडलेल्या गोष्टींनंतर चोवीस वर्षांनी आलं होतं. बासष्टच्या पराभवाची चौकशी केलेला हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांचा अहवाल तर सरकारनं अजूनही खुला केलेला नाही. तात्या बहुधा विचारते, "स्थळप्रत हाय ना?"

थोरात ऑगस्ट १९९२ मध्ये गेले. तात्यांनी त्या संध्याकाळी कोटावर पदकं लावली आणि काही न बोलता ओटीवर बसून राहिले. पुढचे दोन पावसाळे काढून तेही गेले. तेव्हा मी बदलीच्या गावी होतो. पोचलो तोवर दहनही झालं होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या मुलानं मला आत बोलावलं. पत्र्याची काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. "यातलं कागदपत्रांचं तुम्हीच बघा," तो म्हणाला. आत पेन्शनची पुस्तिका, गावातल्या लोकांच्या अर्जांच्या शेकडो प्रती, दोरीनं बांधलेल्या, वर्षवार. रस्त्याचे, विहिरीचे, शाळेच्या गळक्या कौलांचे अर्ज. आणि एक लांबट वही.

वहीत रकाने आखलेले होते. तारीख, नाव, रक्कम, परत आल्याची तारीख. पहिली नोंद १९७१ सालची. नाव आमच्या वरच्या वाडीतल्या एका पोराचं, रक्कम ३४० रुपये. तो पुढे शिक्षक झाला. मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. परत आल्याची तारीख मे १९७४. दुसरं नाव माझं, तारीख जून १९७४, रक्कम तीच. म्हणजे मला मिळाले ते त्याचेच पैसे होते. मी पाकिटातून आणून दिले, त्यापुढच्या महिन्यात एका धनगराच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला गेले. तिच्यानंतर आणखी चौघं. मध्ये केव्हातरी रक्कम वाढली होती, ५००, मग ८००. वरचे पैसे पेन्शनीतून घातल्याची खूण होती. प्रत्येक नोंदीला पावतीची नक्कल टाचणीनं लावलेली. माझीही होती, स्टॅम्पासकट उतरवून घेतलेली, माझ्या सहीशेजारी त्यांची चौथी पास झालेली, ताठ, कवायतीला उभी असल्यासारखी सही.

शेवटच्या नावापुढे परत आल्याची तारीख नव्हती. मी त्या मुलाला ओळखत होतो. भरतीला गेला, बेळगावला प्रशिक्षणात पाय मोडून परत आला, मग कुठे मुंबईकडे गेला तो गेलाच. रक्कम ८००.

मी खिशातून पैसे काढून तात्यांच्या मुलाच्या हातावर ठेवले आणि वहीतल्या रिकाम्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली.

"हे कसले?" त्यानं विचारलं.

"आधी पावती दे," मी म्हटलं.